आई-बाबांनी काय काय करायचं सोडलंय ते बघा: म्हातारपणातलं हार्ट फेल्युअर लवकर कसं ओळखायचं

आमच्याकडे गावात कुणी अचानक गेलं की लोक म्हणतात "हार्ट फेल झालं". त्यामुळे आईच्या फाइलवर हार्ट फेल्युअर लिहिलेलं बघून माझ्या भावाचे हातपायच गळाले, त्याला वाटलं आता काही तासांचाच प्रश्न आहे. तसं नसतं हो. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही, आणि हार्ट अटॅकपण नाही. अटॅकमध्ये हृदयाला रक्त देणारी नस एकदम बंद होते. हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाचा पंप हळूहळू कमी पडायला लागतो, एकतर तो जोरात आवळत नाही किंवा कडक होऊन नीट सैल पडत नाही, मग रक्त मागे तुंबतं आणि फुफ्फुसात पाणी, पायात पाणी, पोटात पाणी. बरेच डॉक्टर घरच्यांनी घाबरू नये म्हणून "हार्ट जरा वीक आहे", "पंपिंग कमी आहे", "हार्ट मोठं झालंय" असं सांगतात, आणि आपल्याला कळतच नाही की हा तोच आजार आहे. यातलं काहीही कानावर पडलं तर सरळ विचारा की डॉक्टर, हे हार्ट फेल्युअर आहे का आणि कुठल्या स्टेजला आहे.

हे सगळं मी का लिहितेय ते सांगते. आई ७२ वर्षांची, बीपीची गोळी १८ वर्षं चालू, शुगर बॉर्डरला. दिवाळीला घरी गेले तेव्हा बघितलं की कपडे वाळत घालायची दोरी गच्चीवरून खाली परसात आलीये. म्हटलं बरं केलं, वर कशाला चढायचं उगाच. रोजचं देवळात जाणं बंद होऊन फक्त सोमवारी जाणं झालं होतं, दूध आणायला शेजारचा मुलगा जात होता. रात्री खोकला यायचा म्हणून दोन महिने खोकल्याचं औषध चालू होतं, आणि गुडघे दुखतात म्हणून दुखण्याच्या गोळ्या. फेब्रुवारीत एका रात्री दोन वाजता ती धडपडत उठून बसली, श्वास घेता येईना, छातीत घरघर, ओठ काळपट. फुफ्फुसात पाणी भरलं होतं. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर पंपिंग ३५ टक्के. ती दोरी खाली आली तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं, जिना चढवत नव्हता म्हणून ती खाली आली होती.

म्हातारी माणसं दम लागतो म्हणून सांगतच नाहीत. ज्या कामाने दम लागतो ते काम गुपचूप सोडून देतात, मग दम लागत नाही, मग तक्रारच नाही. आणि आपण म्हणतो वयच झालंय आता. म्हणून "तुला काही त्रास होतोय का" असं विचारू नका, उत्तर "नाही गं, बरी आहे मी" हेच येणार. विचारायचं असं की गेल्या गणपतीत जे करत होतीस ते यंदा करतेस का? आरती पूर्ण उभं राहून म्हणतेस का मध्ये बसावं लागतं? भाजी आणायला स्वतः जातेस का? जेजुरीला जाऊन आलो तेव्हा किती ठिकाणी टेकली होतीस, आता जमेल का? वर्षापूर्वीचं आणि आत्ताचं असं ताडून बघितलं की लगेच लक्षात येतं. आणि आईला नाही तर तिच्याबरोबर राहणाऱ्या माणसाला वेगळं विचारा, वहिनीला, शेजारच्या काकूंना, कामवाल्या मावशींना. त्यांनी सगळं बघितलेलं असतं.

आता स्टेज म्हणजे काय

अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या दोन मोठ्या संस्थांनी २००१ साली ए, बी, सी, डी अशा चार स्टेज ठरवल्या, २०२२ च्या गाइडलाइनमध्ये त्यांची भाषा अजून सोपी केली, आपले कार्डिओलॉजिस्टपण हेच वापरतात. 

ए म्हणजे धोका आहे पण हृदय अजून चांगलं आहे. बीपी, शुगर, जाडेपणा, हृदयाच्या नसांचा आजार, कॅन्सरची काही औषधं घेतलेली, घरात कुणाला हृदयाच्या स्नायूचा आजार, यातलं काहीही असलं की माणूस ए मध्ये. म्हणजे साठीच्या पुढचे आपल्याकडचे कितीतरी लोक आत्ता ए मध्येच आहेत आणि त्यांना माहीतच नाही.

बी म्हणजे हृदयात बदल झालाय पण त्रास काहीच नाही. भिंती जाड झाल्यात, एखादी झडप गळतेय किंवा अरुंद झालीये, जुन्या अटॅकचा डाग राहिलाय, पंपिंग कमी झालंय, किंवा धोका असलेल्या माणसाच्या रक्तात एका विशिष्ट घटकाचं प्रमाण वाढलंय (त्या टेस्टचं पुढे सांगते). माणूस चालतोय फिरतोय, त्याला पत्ताच नसतो.

सी म्हणजे त्रास सुरू झाला. दम, सूज, थकवा. आत्ता असेल किंवा पूर्वी कधी होऊन गेला असेल, तरी सी. आणि डी म्हणजे सगळी औषधं व्यवस्थित चालू असूनही बसल्या जागी त्रास, सारखं ॲडमिट व्हावं लागणं.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या, ही गाडी फक्त पुढे जाते. सी मधला माणूस औषधांनी एकदम ठणठणीत वाटायला लागला तरी तो बी मध्ये परत येत नाही, सी मध्येच राहतो, म्हणून औषधं थांबवायची नसतात. माझ्या आईचं पंपिंग वर्षभरात ३५ चं ४५ झालं, ती आता अर्धा जिना न थांबता चढते, पण ती सी मध्येच आहे आणि गोळ्या चालूच राहणार. डॉक्टर आणखी एक क्लास १ ते ४ सांगतात, न्यूयॉर्क हार्ट असोसिएशन या संस्थेचा, तो वेगळा. आज किती दम लागतो एवढंच तो सांगतो, तो वर-खाली होतो, या महिन्यात ३ पुढच्या महिन्यात २. लोक या दोन्हीची सरमिसळ करतात आणि "आता क्लास २ आला, म्हणजे बरं झालं" म्हणून गोळ्या सोडतात. प्लीज असं करू नका.

त्यामुळे पकडायचं ते ए किंवा बी मध्ये पकडायचं, तिथे थांबवता येतं. बीपी नीट ताब्यात ठेवलं तर केवढा फरक पडतो, २०१५ साली स्प्रिंट नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात बीपी जास्त कडक सांभाळलेल्या गटात हार्ट फेल्युअरचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त कमी झालं, आणि त्यात ७५ च्या पुढचे लोकही होते. साधारण १३० बाय ८० च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो, पण चक्कर येत असेल, उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांना सांगून, स्वतःच्या मनाने गोळी वाढवायची पण नाही आणि बंदही करायची नाही. आपल्याकडे "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली" हे घरोघरी आहे. अहो गोळीमुळेच नॉर्मल आलंय ते.

आणि हा ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या लोकांचाच आजार आहे असंपण समजू नका. केरळात तिरुवनंतपुरमला २०१३ साली हार्ट फेल्युअरने ॲडमिट झालेल्या १२०५ पेशंटची नोंद केली होती, त्यांचं सरासरी वय ६१ होतं. म्हणजे नुकतेच रिटायर झालेले लोक.

घरी काय काय बघायचं

वजन. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वजनकाटा. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यात, त्याच काट्यावर, काटा सपाट फरशीवर ठेवून. आणि लिहून ठेवायचं, आम्ही कॅलेंडरच्या चौकोनातच लिहितो, दुधाच्या हिशोबाशेजारी. ३ दिवसांत २ किलोच्या वर वजन वाढलं तर ती चरबी नाही, एवढ्या लवकर चरबी वाढत नाही, ते पाणी आहे. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा. ज्यांना हार्ट फेल्युअर आहे त्यांनी रोज, ज्यांना फक्त धोका आहे त्यांनी आठवड्यातून एकदा केलं तरी चालतं. उलटंही बघा, आजार जुना झाला की अंगातलं मांस झडतं आणि पाणी वाढतं, काट्यावर वजन तेवढंच दिसतं पण गाल बसलेत आणि पाय सुजलेत असं होतं, तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

पायाची सूज. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडं वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खड्डा राहिला तर पाणी आहे. दोन्ही पाय बघा. दोन्हीकडे सारखी आणि संध्याकाळी जास्त, असं हृदयाच्या सुजेत बहुतेक दिसतं. एकाच पायाला सूज आणि दुखतोय तर वेगळं कारण असू शकतं, शिरेत गाठ वगैरे, तेही ताबडतोब दाखवायचं. जोडवी रुतायला लागली, चपलेचा पट्टा एक भोक पुढे गेला, मोज्याचा वण रात्रीपर्यंत राहतो, हे सगळं त्यातच येतं. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाचं पाणी पायात नाही, कमरेखाली माकडहाडाजवळ जमतं, तिथे दाबून बघा.

इथे एक घोळ होतो. बीपीची ॲम्लोडिपिन नावाची गोळी असते, तिने पण घोट्याला सूज येते आणि हृदय अगदी चांगलं असू शकतं. म्हणून सूज दिसली म्हणजे हार्टच असं नाही, आणि "गोळीची सूज आहे" असं घरीच ठरवून गप्प बसायचंही नाही. किडनी, लिव्हर, थायरॉइड, रक्त कमी असणं, बरीच कारणं असतात, ते टेस्टनेच कळतं.

उशा. हे माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारं लक्षण. किती उशा घेऊन झोपतात? पूर्वी एक होती आता दोन-तीन लागतात का? खुर्चीत किंवा भिंतीला टेकून डुलकी घेतात का? झोपल्यावर तास-दोन तासांनी दचकून जागं होऊन पलंगाच्या कडेला बसणं, खिडकी उघडणं, पंधरा-वीस मिनिटांनी बरं वाटणं, हे झालं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे जायचंच. आडवं झाल्यावर येणारा कोरडा खोकला आणि बसल्यावर थांबणारा, हापण तसलाच. आईचा खोकला असाच होता आणि आम्ही त्याला सर्दी समजलो.

वाकल्यावर दम. चपलेचा पट्टा लावताना, पायाची नखं कापताना, खाली वाकून रांगोळी काढताना अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागली तर लक्ष द्या. पोट मोठं असलं तरी असं होतं, पण नव्याने सुरू झालं असेल तर सांगायचं.

मग पोटाच्या तक्रारी. दोन घास खाल्ले की पोट गच्च होणं, भूक मेल्यासारखी होणं, उजव्या बरगडीखाली जड वाटणं. लोक याला गॅस म्हणतात आणि सोडा घालून पितात, त्या पुड्यांमध्ये भरपूर सोडियम असतं, म्हणजे आजार आणखी वाढतो. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं, याला प्रोस्टेट किंवा शुगर म्हणतात, असेलही, पण दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात येतं आणि लघवीवाटे निघतं म्हणूनही होतं. आणि खूप वयस्कर माणसांत तर कधी कधी दम, सूज काहीच नाही, नुसतं गोंधळल्यासारखं बोलणं, दिवसभर पेंगणं, तोल जाऊन पडणं एवढंच असतं.

नाडी. मनगटावर पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून. ठोके एका लयीत नसतील, मध्येच भराभर मध्येच गॅप, तर ईसीजी काढा. म्हातारपणी ही अनियमित लय बऱ्याच जणांत असते आणि ती हार्ट फेल्युअरला बरोबर घेऊन येते, शिवाय लकव्याचा धोका वाढवते. अजून एक, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, वर्षानुवर्षं पेनिसिलिनची इंजेक्शनं घेतली होती असं कुणी सांगत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्या आजारात झडपा खराब होतात आणि त्रास तीस-चाळीस वर्षांनी वर येतो.

डॉक्टरकडे गेल्यावर

लिहून न्या. वजनाचे आकडे, बीपीचे आकडे, किती उशा, काय काय बंद केलं, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी, आयुर्वेदिक काढा आणि मेडिकलवाल्याने दिलेल्यासकट. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात आई म्हणणार "काही नाही हो, जरा थकवा आहे", म्हणून कागद हातात पाहिजे.

टेस्ट कुठल्या ते डॉक्टर ठरवतील, पण माहिती असावी. ईसीजी, छातीचा एक्सरे, टूडी इको. रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनीन (किडनी कशी चालतेय ते कळतं), सोडियम पोटॅशियम, शुगर, थायरॉइड, आणि आयर्नची पातळी. आणि एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ताची टेस्ट, मघाशी बी स्टेजमध्ये म्हटलं ती हीच. हृदयावर ताण आला की हा घटक रक्तात वाढतो. इमर्जन्सी नसताना साध्या ओपीडीत १२५ च्या खाली आला तर हार्ट फेल्युअरची शक्यता खूप कमी. वर आला म्हणजे आहेच असं मात्र नाही, वय वाढलं की, किडनी कमजोर असली की, ठोके अनियमित असले की तो तसाही वाढतो, आणि जाड माणसात उलटा कमी दिसतो. ही टेस्ट स्वस्त नाही, पण दम हृदयाचा की फुफ्फुसाचा हे कळत नसेल तेव्हा तिचा खूप उपयोग होतो.

इकोच्या रिपोर्टमध्ये सगळे एकच आकडा बघतात, ईएफ. हृदयात भरलेल्या रक्तातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर जातं तो आकडा. तो निरोगी माणसातही १०० नसतो, त्यामुळे ६० बघून घाबरू नका, ६० उत्तम आहे. ४० किंवा कमी म्हणजे पंपिंग कमी झालेलं, ४१ ते ४९ मधलं, आणि ५० च्या वर चांगलं. पण इथेच मोठी फसगत होते! ईएफ ६० असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, हृदय आवळतं छान पण कडक झाल्यामुळे भरतच नाही नीट. म्हाताऱ्या बायकांमध्ये, खूप वर्षं बीपी शुगर असलेल्यांत, वजन जास्त असलेल्यांत हे बरंच दिसतं. तेव्हा "इको नॉर्मल आहे, काही नाही" असं ऐकून घरी आलात आणि दम तसाच आहे, तर परत जा आणि विचारा, की हृदय सैल पडण्यात काही अडचण आहे का, डावा कप्पा मोठा झालाय का, ते प्रोबीएनपी करून बघायचं का. असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

निदान झालं तर

आता औषधं खरंच चांगली आहेत. पंपिंग कमी असलेल्यांसाठी चार प्रकारच्या गोळ्या मिळून दिल्या जातात, आणि त्यातली एक मूळची शुगरची, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. तेव्हा शुगर नसताना शुगरची गोळी का दिली म्हणून घरी बंद करू नका, ती हृदयासाठी आहे, आणि ईएफ चांगला असलेल्या प्रकारातसुद्धा तिचा उपयोग होतो. उलट्या-जुलाब चालू असतील, खाणं बंद असेल, कडक उपास असेल तेव्हा मात्र ती घ्यायची का ते आधी डॉक्टरांना विचारा. या गोळ्या सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम करायला सांगतात, ते टाळू नका. लघवीची गोळी पाणी काढते, आराम देते. यातल्या बऱ्याच गोळ्या जनऔषधी दुकानात जेनेरिक मिळतात. ७० च्या पुढच्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं, ॲडमिट व्हावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंत, ते आधीच काढून ठेवा, ऐन वेळेला धावपळ होते.

ज्या गोष्टींनी नुकसान होतं त्या आपल्या घरातच असतात. गुडघेदुखीच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, या शरीरात पाणी आणि मीठ धरून ठेवतात, आईच्या बाबतीत ह्याच गोळ्यांनी शेवटचा धक्का दिला असं नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं. दुखणं सहन करा असं नाही म्हणत, पॅरासिटामॉल, शेक, व्यायाम असे मार्ग डॉक्टर सांगतात. पायोग्लिटाझोन नावाची शुगरची गोळी, ती बऱ्याचदा दोन-तीन औषधांच्या एकत्र गोळीत असते, पाकिटावर वाचा, हार्ट फेल्युअरमध्ये ती चालत नाही.

मीठ तर सगळ्यांना माहितीये, दिवसाला साधारण ५ ग्रॅम म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं धरून. वरणभातातलं कमी करून काही होत नाही जर शेजारी लोणचं, पापड, खारातली मिरची, सांडगे, फरसाण असेल. पापडात मीठ आणि पापडखार दोन्ही. सैंधव चालतं हा गैरसमज आहे, तेही सोडियमच. आणि बाजारात लो सोडियम मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, हार्टच्या काही गोळ्यांबरोबर आणि किडनी कमजोर असेल तर ते धोक्याचं, विचारल्याशिवाय आणू नका, शहाळ्याच्या पाण्याचंही तेच. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनी मोजून सांगितलं असेल तरच मोजा. मे महिन्यात घाम खूप येतो तेव्हा लघवीच्या गोळीचा डोस बदलावा लागतो, चक्कर येते का ते बघा. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची विचारून घ्या, कारण साध्या तापाने-खोकल्याने हे पेशंट एकदम ढासळतात.

ताबडतोब १०८ लावायचा तो कधी: बसूनही दम थांबत नाही, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, गुलाबी फेसाळ थुंकी, ओठ-नखं निळसर, छातीत दाब किंवा दुखणं, बेशुद्ध पडणं, नवीन गोंधळलेपणा. गाडी येईपर्यंत माणसाला आडवं झोपवू नका, पाय खाली सोडून बसवा, पाठीला लोड किंवा उशा द्या, जबरदस्तीने पाणी पाजू नका. गोळ्यांची पिशवी आणि शेवटचा इको बरोबर घ्या. आमच्याकडे आता ही पिशवी दाराच्या मागे खिळ्याला टांगलेलीच असते, आणि तिच्यात एका कागदावर आईचं सुजेशिवायचं वजन लिहिलंय, ५८ किलो, कारण तिथे गेल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.